खोऱ्यात उतरणारी रेषा

४ मे

बायको खोऱ्यातल्या दवाखान्यावर डॉक्टर म्हणून निघाली तेव्हा ही कोरी वही माझ्या टेबलावर ठेवून गेली होती. म्हणाली, "फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस. निदान इथे तरी तोंड उघड." वर्ष होत आलं, मी एक अक्षर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं काय? सकाळी ऑफिस, संध्याकाळी सासूबाईंच्या हातची भाजी आणि त्यांची बोलणी, दोन्ही तिखट.

आज लिहितोय, कारण आज साहेबांनी एक फाइल माझ्यापुढे टाकली. खोऱ्यातली धावपट्टी. तिथे उपग्रहाच्या आधारानं ढगातून उतरायचा मार्ग आखायचा आहे. साहेब म्हणाले, "तुमच्या घरचंच काम म्हणा की." सगळे हसले, मीही हसलो. मग पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन जरा वेळ उभा राहिलो.

साध्या शब्दांत लिहून ठेवतो, म्हणजे हिनं कधी वाचलंच तर कळेल, नवरा दिवसभर काय करतो. आज त्या धावपट्टीवर वैमानिकाला खोऱ्याचं तोंड डोळ्यांनी दिसलं तरच विमान उतरतं. ढग आले की अर्ध्या वाटेतून परत. मी आखेन त्या मार्गावर त्याला बाहेरचं काही दिसायची गरज नाही. तो कुठे आहे ते उपग्रह सांगतात, आणि तिथे किती उंच असायला हवं ते मी सांगतो. असा तो ढगातून एका ठरावीक उंचीपर्यंत उतरत येतो. तिला आम्ही निर्णयाची उंची म्हणतो. तिथे धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर न रेंगाळता वर जायचं.

ही उंची जितकी खाली येईल तितके जास्त दिवस विमान उतरेल. विमान उतरलं की ही त्यात बसून घरी येईल. मला एवढंच हवं आहे. दुसरं काही मी कुणाकडे मागितलेलं नाही.

९ मे

सासूबाईंना सांगितलं. त्या कांदा चिरत होत्या.

"म्हणजे तुम्ही इथे खुर्चीत बसून आभाळात रस्ता काढणार?"

"हो."

"आणि त्या रस्त्यानं जाणार कोण?"

"विमान जाणार, आई."

"असं होय," म्हणाल्या आणि पुन्हा कांद्याकडे वळल्या. या बाईला कामाचं काही समजावून सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे. पण हिची आई आहे. हिच्यासारखीच मान तिरकी करून ऐकते, म्हणून रोज काहीतरी सांगत बसतो.

१७ मे

हिचा फोन. आवाज मध्येमध्ये तुटतो, तरी कानाला बरं वाटतं. दवाखान्यामागच्या टेकाडावर कसलीशी टाकी बांधायला घेतली आहे म्हणे, खडी पाठीवरून न्यावी लागते, बायकासुद्धा मदतीला येतात. खूप वेळ सांगत होती. मी विचारलं, ढग कसे आहेत? म्हणाली, "आहेत."

धावपट्टीच्या कामाचं सांगितलं. मला वाटलं होतं उडी मारेल. ती म्हणाली, "चांगलं आहे. पेशंट हलवायला बरं पडेल." स्वतःचं कधी आधी बोलणार नाही, तिचा स्वभावच तसा आहे.

२ जून

अख्खा आठवडा तिकडे आभाळ निरभ्र होतं. विमान दोनदा गेलं, दोनदा आलं. ही आली नाही. एक अडलेली बाळंतीण होती. ती तशी टाकून येणार कशी? तिचं बरोबरच आहे. तरी दोन्ही दिवस मी खालच्या गेटपर्यंत जाऊन आलो आणि दुकानदाराकडून नको असलेले बॅटरीचे सेल घेऊन आलो.

खरं तर मी तिकडे जायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. रस्ता वर्षातले बरेच महिने दरडीखाली असतो आणि विमानात मी बसत नाही. कानात खिळे ठोकल्यासारखं होतं, पोट तोंडाशी येतं. एकदाच बसलो होतो, लग्नानंतर. उतरल्यावर हिनं मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि हसू दाबत वारा घातला. ऑफिसात मला पायी पायलट म्हणतात. म्हणोत.

सुरुवातीला प्रत्येक फोनला "तू ये ना" म्हणायची. हल्ली म्हणत नाही. समजूतदार आहे.

१४ जून

सासूबाईंनी आज घर डोक्यावर घेतलं. हिला सामान पाठवायचं आहे. जाड लोकरी कपडे समजू शकतो, तिकडे गारठा असतो. पण शिवणयंत्र? हिचं लग्नाआधीचं, हातानं फिरवायचं, लोखंडी. मी म्हटलं, "आई, ते छोटं विमान आहे, तिथे माणसांनासुद्धा वजन विचारून बसवतात. शिवाय ती काही दिवसांत येईलच की. माझा मार्ग एकदा सुरू होऊ दे."

"तुमचा मार्ग होईल तेव्हा होईल. तिला आत्ता पडदे शिवायचे आहेत."

"कसले पडदे?"

"खिडक्यांचे, जावईबापू. पडदे आणखी कशाचे असतात?"

शेवटी तो धोंडा मीच रिक्षात घालून विमानतळावर नेला. काट्यावर ठेवताना तिथला माणूस माझ्याकडे असा बघत होता की जसं काही मीच शिंपी आहे आणि दुकान हलवतोय.

२२ जून

कामाला रंग चढला आहे. खोऱ्याभोवतीचे कडे, झाडं, मनोरे, जे जे विमानाच्या वाटेत येऊ शकतं त्या प्रत्येकाच्या माथ्याची उंची आली. बहुतेक जुन्या मोजणीतलीच, फक्त एक नवी नोंद: दवाखान्याची पाण्याची टाकी. फोनवर सांगत होती ती हीच असणार. ते टेकाड इतकं लहान आहे की नकाशावर त्याला जागाच नाही. टाकी नेमकी माझ्या रेषेखाली येते, पण उंचीनं बुटकी आहे. धावपट्टीवर वारा दाखवणारा कापडी मोजा असतो ना, त्याच्या काठीपेक्षाही टाकीचा माथा थोडा खालीच. म्हणजे काळजी नाही.

आकडे भरले आणि निर्णयाची उंची इतकी खाली आली की मी खुर्चीतच मागे रेललो. गेल्या वर्षीचे ढग लावून पाहिले. विमान परत फिरलं होतं त्यातल्या बहुतेक दिवशी ते उतरलं असतं. म्हणजे बहुतेक दिवशी ही घरी असती.

शेजारच्या टेबलावरची सहकारी माझी सगळी कामं तपासते. तिच्या नजरेतून खडा सुटत नाही, म्हणून तिला आम्ही चाळणी म्हणतो, तिच्या तोंडावरसुद्धा. तिनं तीन दिवस लावले, आज सही केली आणि म्हणाली, "छान उतरलंय रे. मनापासून केलेलं दिसतंय." मी लाजलो. या वयात.

येताना हिच्या आवडीचा साबण घेतला. संपत आला नव्हता, तरी घेतला.

२८ जून

हिचा फोन. आज आवाज स्वच्छ होता. टाकी भरली. सगळ्यांनी मिळून पहिला नळ सोडला, पोरं नळाखालून हटेनात. मग ही शिडीवरून टाकीच्या माथ्यावर चढली. मी म्हटलं, पडशील. म्हणाली, "अरे, काय दिसतं तिथून. अख्खी धावपट्टी पायाशी. तुमचा तो वाऱ्याचा मोजा आहे ना लाल-पांढरा, त्याच्याकडेसुद्धा चांगलं खाली बघावं लागतं."

मी हूं म्हटलं आणि ढगांचं विचारलं.

२९ जून

दात घासताना हात थांबला.

खाली बघावं लागतं, म्हणाली. माझ्या कागदावर टाकी मोज्यापेक्षा बुटकी आहे. बुटक्या टाकीवर उभं राहून माणूस मोज्याकडे चांगलं खाली कसं बघेल?

तसाच ऑफिसात गेलो. सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या. उंची मोजायच्या दोन रीती आहेत. एक समुद्राच्या पातळीपासून. नकाशे, वैमानिक, आम्ही, सगळे तीच वापरतो. दुसरी उपग्रहाची. उपग्रहाला समुद्र ठाऊक नाही. तो पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत, जरा चपटा चेंडू धरतो आणि त्या चेंडूपासून मोजतो. आमच्या भागात हा आकडा समुद्राच्या आकड्यापेक्षा तीसेक मीटरनं कमी येतो, तेवढे त्यात मिळवावे लागतात. मोजणीवाल्यानं टाकीचा आकडा उपग्रहाच्या यंत्रावरून जसाच्या तसा उतरवला होता. बाकी सगळ्या उंच्या समुद्रापासूनच्या, ही एकटी चेंडूपासूनची.

म्हणजे मी ज्या वाटेवरून ढगात आंधळी विमानं सोडणार होतो, तिच्या खाली एक टाकी मला वाटत होतं त्याहून दहा मजले उंच उभी आहे. बायकोनं तिथे चढून मला फोनवर सांगितलं आणि मी ढगांचं विचारलं.

खरी उंची घालून पुन्हा आकडे चालवले. निर्णयाची उंची भराभर वर गेली. गेल्या वर्षीचे ढग लावले. अर्ध्याहून जास्त दिवस विमान परत फिरलं.

चाळणीची सही झालेली आहे. साहेब बुधवारी कागद पुढे पाठवणार आहेत. ही चूक फक्त मला माहीत आहे.

३० जून

आज सांगितलं नाही.

१ जुलै

आजही नाही. मनाशी युक्तिवाद करत बसलो. सूत्रांमध्ये मुळातच भरपूर फट ठेवलेली असते. वैमानिक रेषेवर असला तर तो टाकीच्या कितीतरी वरून जातो. लागलंच तर विमान रेषेच्या खाली सरकलेलं असताना, आणि ते तर कधीतरीच. मग आठवलं की ही सूत्रं त्या कधीतरीसाठीच आहेत. आणि त्या विमानात हीच बसलेली असू शकते. एवढं कळायला मला अर्धा दिवस लागला याची लाज वाटते.

पण सांगायच्या आधी वाट काढून बघतो. रेषा जरा तिरपी वळवली तर डोंगराचा खांदा आडवा येतो. उतार तीव्र केला तर त्या छोट्या विमानाला झेपत नाही. कुठूनही फिरून आलं तरी मध्ये टाकीच.

२ जुलै

मला एक उपाय सुचला आणि मी तो हिच्यापुढे मांडून बसलो. कुणाला न विचारता. धावपट्टीजवळ उंच काही बांधायला आमच्या खात्याची परवानगी लागते. टाकीला ती घेतलेली नाही. आम्ही एक पत्र पाठवलं तर टाकी उतरवावी लागेल.

पत्राआधी हिला फोन केला. दुपारची जेवायची वेळ होती, ऑफिसच्या जिन्यात उभा होतो.

"ती टाकी तिथून हलवता येईल का?"

"कुठली टाकी?"

"तुझी. खाली कुठेतरी बांधता येईल ना."

"खाली बांधली तर पाणी वॉर्डात वर चढेल का रे? उंचावर आहे म्हणून तर नळाला येतं." मग सावकाश म्हणाली, "का?"

मी सगळं सांगितलं. ती मोजणीची चूक, वाढलेली उंची, ढग, परत फिरणारं विमान. शेवटी म्हणालो, "टाकी राहिली तर तुला येता येणार नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"इथे पोरं ओढ्याचं पाणी प्यायची," ती म्हणाली. "हगवणीनं सुकून गेलेली पोरं यायची, एका खाटेवर दोन-दोन. नळ सुटल्यापासून या चार दिवसांत नवं पोर आलं नाही, काल निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या खाटेकडे बघून रडले. त्या पोरांचं तुला किती वेळा सांगितलं असेल. तू प्रत्येक वेळी विचारलंस, ढग कसे आहेत."

"तू यावीस म्हणून विचारत होतो."

"माहीत आहे. पण मी येत नाहीये." आवाज शांत होता, पेशंटच्या घरच्यांशी बोलते तसा. "त्यांनी विचारलं, आणखी तीन वर्षं राहाल का. मी हो म्हटलंय. मे महिन्यातच. तुला समोर बसवून सांगायचं होतं. फोनवर सांगायची गोष्ट नाही म्हणून थांबले. तू आलाच नाहीस."

"म्हणजे ढगांमुळे तू अडली नव्हतीस?"

"आधी अडले होते. खरंच. मग हळूहळू वाटायला लागलं, आहेत ढग ते बरं आहे. तुला दुसरं कारण द्यावं लागत नव्हतं."

मी विचारलं, "मग आपलं काय?"

"ते मला फोनवर कळत नाही रे," म्हणाली. मागून कुणीतरी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली आणि ती गेली.

डबा तसाच घरी आणला.

३ जुलै

सकाळी पहिल्यांदा चाळणीपुढे जाऊन बसलो. टाकीची खरी उंची तिच्यापुढे ठेवली. तिनं दोनदा वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी सही केली होती यावर," ती म्हणाली.

"मीही केली होती."

"तुला कसं सापडलं?"

"बायको टाकीवर चढली होती."

ती हसली नाही. तिनं विचारलं, "कधी सापडलं?"

मी सोमवार म्हटलं. आज शुक्रवार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला विचारायचं होतं ते तिनं विचारलं नाही, हे तिचे उपकार. दोघं मिळून साहेबांकडे गेलो, ती बुधवारची रवानगी साहेबांच्याच आळसानं राहिली होती. टाकीला परवानगी द्यावी आणि तिच्या माथ्यावर लाल दिवा लावावा, असं मीच लिहून दिलं. निर्णयाची उंची खोडून नवी घातली. तो आकडा लिहिताना वाटलं, आपण आपल्याच हातानं दार लोटून घेतोय. पण आकडा बरोबर आहे. या कागदावरची हीच एक गोष्ट आहे जिच्याविषयी मला शंका नाही.

११ जुलै

सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मे महिन्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला बोलू?" मग म्हणाल्या, "आणि शिवणयंत्र काय कुणी दोन महिन्यांसाठी पाठवतं होय? हातात उचलून नेलंत तुम्ही ते. म्हटलं आता तरी कळेल."

मला आज कुणाशीच भांडता येत नाही. हिच्या उशीचा अभ्रा बदलायला काढला होता, तो परत तसाच घातला.

३० जुलै

फोन होतात. जपून बोलतो दोघं, पाहुण्यांकडे गेल्यासारखं. मी ठरवलं आहे की ढगांचं विचारायचं नाही. विचारलं, खाटा किती रिकाम्या आहेत? ती सांगत सुटली. एका म्हातारबाबांनी नळाची तोटी चोरीला जाऊ नये म्हणून राखण सुरू केली आहे, ते नळाशीच झोपतात. आम्ही दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मला ती इतकी हवीशी वाटली की काय करावं सुचेना. कपाटातल्या तिच्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

२६ ऑगस्ट

मार्ग वापरात यायच्या आधी तपासणीचं विमान तो प्रत्यक्ष उडून बघतं. तपासणी वैमानिक एक वयस्क बाई आहेत, केस बारीक कापलेले, आवाज मास्तरणीचा. त्यांनी साहेबांना सांगितलं, रेषा काढणारा माणूस मागच्या सीटवर हवा. ऑफिसात टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या खिशात कागदी पिशवी कोंबली.

मी गेलो. पिशवी लागली, दोन वेळा. कानांचं काय झालं ते लिहीत नाही.

ही तपासणी मोकळ्या हवेतच करतात, म्हणून आज लख्ख ऊन होतं. खोऱ्याच्या तोंडाशी वळलो आणि समोरच्या पडद्यावर माझी रेषा आली. महिनोन् महिने ती मी टेबलावर बघत होतो, तेव्हा ती कागदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी रेषा होती. आज ती मला ओढत नेत होती. कडे दोन्ही अंगांनी मागे सरकत होते. पुढे टेकाड, त्यावर पांढरी टाकी, माथ्यावर लाल दिवा, आणि टाकीवर कुणीतरी उभं.

हीच होती. मी येणार हे तिला सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी सांगितलं असणार. डोळ्यांवर हात धरून वर बघत होती. ओढणी उडत होती. मी काचेला नाक लावलं.

"निर्णयाची उंची," बाई म्हणाल्या. धावपट्टी समोर उघडीवाघडी पसरलेली होती, हात लांब केला असता तर लागली असती. "आणि वर," त्या म्हणाल्या, आणि विमानानं नाक उचललं.

"उतरायचं नाही?" मी ओरडलो.

"आज रेषा तपासायची आहे. टाकीच्या किती वरून जातो, वर जाताना डोंगर मोकळा मिळतो का, ते बघायचं." चार वेळा आलो. चारही वेळा ती तिथेच होती, चारही वेळा आम्ही वर गेलो. माझं पोट ढवळत होतं, कान फुटत होते आणि मला त्या विमानातून खाली उतरायचं होतं, पण पोटासाठी नाही. मला तिच्याकडे उतरायचं होतं. एवढं कशासाठीच वाटलं नव्हतं कधी.

परतताना बाई म्हणाल्या, "चांगली रेषा आहे. टाकीमुळे उंची जास्त ठेवलीत ते बरं केलंत. एरवी लोक मोह करतात." मी पिशवीत तोंड घालून बसलो होतो म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

२७ ऑगस्ट

सासूबाई मे महिन्यात म्हणाल्या होत्या, त्या रस्त्यानं जाणार कोण. मी म्हटलं होतं, विमान.

इतके महिने मी तिला घरी आणायची रेषा काढत होतो. ती रेषा खोऱ्यात उतरते. तिकडे जाणारीच आहे ती. पहिल्या दिवसापासून तिचं टोक तिकडेच होतं आणि मी त्यावर एकदाही स्वतःला बसवून पाहिलं नाही.

१५ सप्टेंबर

मार्ग छापून आला, आजपासून लागू. मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचलं. चाळणी म्हणाली, "तिकडे गेल्यावर तरी हूं हूं करू नकोस."

तिकीट काढायला गेलो. खिडकीमागच्या मुलीनं सामानाचं वजन विचारलं, माझं विचारलं, मग विचारलं, "परत कधी?"

मला खरंच सांगता येईना. म्हणालो, "ते तिकडच्या ढगांवर आहे."

"आता नवा मार्ग झालाय, काका," ती म्हणाली. "पूर्वीसारखी ढगाची सबब चालत नाही."

मी म्हटलं, परतीचं नंतर बघू.

संध्याकाळी हिला फोन केला. उद्या येतोय, म्हणालो. विमानानं. मग मीच म्हटलं, नको असेल तर तसं सांग. ती म्हणाली, "कानात कापूस घालून ये."

१६ सप्टेंबर

विमानतळावर बसून लिहितोय. सासूबाईंनी दोऱ्याची रिळं दिली आहेत, पडदे अर्धे राहिलेत म्हणे. रिक्षात बसताना माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. हे त्यांना जड गेलं असणार.

खोऱ्यात सकाळपासून ढग आहेत. वैमानिकानं आम्हा प्रवाशांना सांगितलं, ढगाचा तळ अगदी काठावर आहे, जाऊन बघू, धावपट्टी दिसली तर उतरू, नाहीतर परत. शेजारचा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, ही उंची ठरवतो तरी कोण हो? आणखी जरा खाली ठेवायला काय जातं त्यांचं?

मी म्हटलं, तिथे एक टाकी आहे.

आत्ता हिचा फोन येऊन गेला. धाप लागलेली होती, शिडी चढत होती. म्हणाली, "मी टाकीवर उभी राहते. दिवा दिसला तर मीही दिसेन." मी म्हटलं, नाही दिसली तर विमान वर जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे वर. मग उद्या ये."

विमानाची हाक झाली. कापूस घेतला आहे.